हिवाळ्यातील श्रम, व्यायाम आणि वेळेचे भान

(पंचायत सदस्य, शिक्षक आणि क्षेत्रीय अधिकारी यांच्या प्रशिक्षण वर्गातील भाषणाचा मजकूर)



महाराष्ट्रात हिवाळ्याचे कौतुक फार आणि विचार थोडा, अशी स्थिती आहे. उन्हाळ्याच्या तोंडावर पाणीटंचाईचे आराखडे तयार होतात, पावसाळ्यापूर्वी साथीच्या रोगांची आणि पुराची तयारी केली जाते. हिवाळा मात्र हुरड्याचा, तिळगुळाचा आणि यात्राजत्रांचा ऋतू म्हणून आनंदाने स्वीकारला जातो. त्यात वावगे काही नाही. भूक वाढवणारा, अन्न अंगी लावणारा आणि श्रम सोसू देणारा असा दुसरा ऋतू आपल्याकडे नाही. आयुर्वेदानेही हेमंत आणि शिशिर हे बलाचे ऋतू मानले असून त्या काळात व्यायाम आवर्जून सांगितला आहे.

परंतु याच ऋतूत चार माणसे अवेळी घराबाहेर असतात. रात्री दोन वाजता गव्हाला दारे धरणारा शेतकरी. पहाटे साडेचारला उसाच्या फडात मोळी डोक्यावर घेऊन ट्रकच्या फळीवर चढणारी बाई. उजाडण्यापूर्वी अंघोळ उरकून शाळेच्या वाटेला लागलेले मूल. आणि डॉक्टरांनी फिरायला सांगितले आहे म्हणून धुक्यातच काठी घेऊन निघालेले वृद्ध गृहस्थ. या चौघांनाही घराबाहेरची हालचाल हवी आहे किंवा ती त्यांना चुकवता येत नाही. चौघांच्याही बाबतीत प्रश्न थंडीचा कमी आणि वेळेचा अधिक आहे. तथापि, आपली वेळ स्वतः ठरवण्याचे स्वातंत्र्य त्यांपैकी केवळ चौथ्याला आहे. बाकी तिघांची वेळ विजेचे वेळापत्रक, कारखान्याची गाडी आणि शाळेची घंटा ठरवते. म्हणून या विषयाकडे केवळ वैयक्तिक आरोग्याचा विषय म्हणून पाहून भागणार नाही. तो गावाच्या आणि प्रशासनाच्या वेळापत्रकाचाही विषय आहे.

थंडीचे घड्याळ

थंडी मध्यरात्री सर्वांत अधिक असते, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः दिवसभर तापलेली जमीन रात्रभर उष्णता सोडत राहते आणि सूर्य उगवून पुन्हा ऊब मिळू लागेपर्यंत तापमान उतरतच जाते. दिवसाचे किमान तापमान सर्वसाधारणपणे सूर्योदयाच्या सुमारास नोंदले जाते. डिसेंबरच्या अखेरीस पुण्यात सूर्य सुमारे सात वाजता उगवतो, नागपुरात तो पंधरा-वीस मिनिटे आधी दिसतो. म्हणजे ज्या वेळेस आपल्याकडे ‘पहाटेची शुद्ध हवा’ म्हणून गौरवले जाते, ती पाच ते सातची वेळ हिवाळ्यात दिवसातील सर्वांत थंड वेळ होय.

याची दुसरी बाजू आशादायक आहे. मध्य महाराष्ट्र, मराठवाडा आणि विदर्भ येथे हिवाळ्यात आकाश निरभ्र आणि हवा कोरडी असल्यामुळे रात्र जितक्या वेगाने गारठते तितक्याच वेगाने दिवस तापतो. पहाटे १० अंश सेल्सिअस असलेले तापमान दुपारी २८ अंशांपर्यंत जाणे ही नित्याची गोष्ट आहे. युरोपच्या उत्तरेकडील देशांत हिवाळाभर दिवसही थंडच असतो, त्यामुळे तेथील लोकांना थंडीशी जुळवून घेण्यावाचून गत्यंतर नाही. आपल्याला मात्र दोन-तीन तास थांबले की निराळाच ऋतू लाभतो. ही निसर्गाने दिलेली सवलत आहे आणि ती आपण क्वचितच घेतो.

याचा अर्थ महाराष्ट्राची थंडी लुटुपुटीची आहे असा नव्हे. उत्तरेकडून कोरडे वारे वाहू लागले की निफाड, जळगाव, अहिल्यानगर, परभणी, गोंदिया येथील पारा झपाट्याने उतरतो. नागपूर येथे २९ डिसेंबर २०१८ रोजी किमान तापमान ३.५ अंश नोंदले गेले. हवामान विभागाच्या निकषानुसार मैदानी प्रदेशात किमान तापमान १० अंश वा त्याहून कमी असेल आणि ते सरासरीपेक्षा ४.५ अंश किंवा अधिक खाली गेले असेल, तर शीतलहर समजली जाते. पारा ४ अंशांवर वा त्याखाली आला तर सरासरीचा विचार न करताही शीतलहर जाहीर होते. किनारपट्टीसाठी १५ अंशांचा वेगळा निकष आहे, कारण कोकणातील माणसाला १४ अंशही सोसत नाहीत. शीतलहर ही आपत्तींच्या यादीत समाविष्ट आहे, याचीही पंचायत सदस्यांनी नोंद घ्यावी. पूर आणि दुष्काळ यांच्याइतका तिचा गाजावाजा होत नाही एवढेच.

शरीराची शेगडी

थंडीत घराबाहेर सुखाने वावरता येते ते मुख्यतः स्नायूंमुळे. स्नायू काम करतात तेव्हा खर्च झालेल्या शक्तीचा सुमारे चौथा हिस्साच प्रत्यक्ष कामी येतो. उरलेल्या शक्तीची उष्णता होते. चालणारा, खणणारा, खेळणारा माणूस स्वतःपुरती एक शेगडी बरोबर घेऊन हिंडत असतो. हुडहुडी भरते ती सुद्धा स्नायूंनी नाइलाजाने केलेली हालचालच असते. म्हणून थंडी वाजते या कारणाने दिवसभर पांघरूण घेऊन बसणाऱ्याला थंडी अधिकच वाजते. तालमीत पहाटे लंगोट लावून जोर-बैठका काढणारा पैलवान आणि त्याच तालमीच्या ओट्यावर शाल पांघरून बसलेला त्याचा वस्ताद यांच्यात कुडकुडतो तो वस्ताद.

ही शेगडी मात्र एकदम पेटत नाही. थंड हवा लागताच त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब वाढतो, आणि हृदयाला अधिक जोराने काम करावे लागते. अशा वेळी पहिल्याच मिनिटाला धावायला सुरुवात केली तर तो भार आणखी वाढतो. प्रथम पाच-दहा मिनिटे हातपाय मोकळे करणे, सावकाश चालणे आणि मग वेग वाढवणे हा क्रम तरुणांनीही पाळला पाहिजे. सूर्यनमस्काराची मांडणी या दृष्टीने शहाणपणाची आहे, कारण त्यात सारे अंग क्रमाक्रमाने हलते आणि जागाही हातभर लागते. औंध संस्थानचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी आपल्या संस्थानातील शाळांमध्ये सूर्यनमस्काराचा पाठ रुजवला, तो केवळ धार्मिक भावनेने नव्हे; स्वतः आयुष्यभर तो व्यायाम करून त्यांनी त्याचा प्रचार केला होता.

थांबतानाही काळजी घ्यावी लागते. कबड्डी खेळून घामाने भिजलेली मुले मैदानाच्या कडेला वाऱ्यात बसून राहतात, त्याच वेळी त्यांना थंडी बाधते. ओले कापड अंगातील उष्णता झपाट्याने शोषून घेते, आणि सुती कपड्यात घाम साठून राहतो. पाण्यातून शरीराची उष्णता हवेपेक्षा सुमारे पंचवीसपट वेगाने निघून जाते. खेळ संपला की घामाचा सदरा बदलावा आणि अंगावर कोरडे कापड घ्यावे. एकच जाड कपडा घालण्याऐवजी दोन-तीन पातळ कपडे एकावर एक घातल्यास मध्ये अडकलेली हवा ऊब धरून ठेवते आणि ऊन चढेल तसा एकेक कपडा उतरवता येतो. कान, डोके आणि पाय झाकलेले असावेत. तहान लागत नाही म्हणून पाणी पिणे थांबवू नये. थंडीत लघवीचे प्रमाण वाढते आणि कोरड्या हवेत श्वासावाटेही पाणी जाते.

या संदर्भात धनगर मेंढपाळांच्या घोंगडीचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाणे अन्यायाचे होईल. दख्खनी मेंढीच्या राठ लोकरीची, सणगरांनी विणलेली ही घोंगडी अंगाला टोचते, म्हणून शहरी माणूस नाक मुरडतो. परंतु ती दवाने ओली झाली तरी ऊब सोडत नाही, वारा अडवते, बसायला, पांघरायला आणि डोक्यावरून खोळ करून घ्यायलाही चालते. हिवाळाभर उघड्यावर वाडा टाकून राहणारा मेंढपाळ कोणतेही पुस्तक न वाचता थंडीतील वावराचे शास्त्र जाणतो. बाजारातील झगमगीत कृत्रिम धाग्याच्या जाकिटापुढे घोंगडीचा धंदा मागे पडत चालला आहे, ही खेदाची गोष्ट होय.

एका घातक समजुतीचा येथेच समाचार घेतला पाहिजे. मद्याने अंगात ऊब येते, असे रात्रपाळी करणारे अनेक जण मानतात. मद्यामुळे त्वचेकडील रक्तवाहिन्या पसरतात, त्यामुळे क्षणभर गरम वाटते. प्रत्यक्षात शरीराच्या गाभ्यातील उष्णता त्वचेवाटे बाहेर निघून जाते आणि धोक्याची जाणीवही बोथट होते. गरम चहा किंवा कढण यांनी ते काम निर्धोकपणे होते.

फिरायला जाणारे वृद्ध

हिवाळ्यात हृदयविकाराचे आणि पक्षाघाताचे प्रमाण वाढते, हे अनेक देशांतील वैद्यकीय अनुभवाने दिसून आले आहे. म्हणून काही घरांत वृद्धांचे फिरणेच बंद केले जाते. हा उपाय रोगापेक्षा वाईट आहे. महिना-दोन महिने बसून काढलेल्या वृद्धाचे पाय अशक्त होतात, तोल जाऊ लागतो, रक्तातील साखर आणि रक्तदाब दोन्ही बिघडतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनानुसार प्रौढांनी आठवड्यात किमान १५० मिनिटे मध्यम स्वरूपाची हालचाल करावी, आणि वृद्धांनी त्यासोबत तोल सांभाळण्याचे व्यायाम आठवड्यातून तीन दिवस करावेत. ही मिनिटे पहाटे पाचलाच भरावीत, असे त्यात कोठेही म्हटलेले नाही.

पहाटेविरुद्ध आणखी एक कारण आहे, ते म्हणजे धूर. हिवाळ्याच्या रात्री जमिनीलगतची हवा थंड आणि वरचा थर तुलनेने उबदार राहतो. त्या उबदार थराचे जणू झाकण बसते. चुलींचा, शेकोट्यांचा, वीटभट्ट्यांचा आणि पेटवलेल्या कचऱ्याचा धूर वर जाऊ शकत नाही. तो गावावर निळसर पट्ट्यासारखा तरंगत राहतो आणि ऊन चढल्यावरच विरतो. दम्याच्या रुग्णाला कोरडी थंड हवाच पुरेशी त्रासदायक असते, त्यात हा धूर मिसळला की फिरणे औषधाऐवजी अपाय ठरते. म्हणून वृद्धांनी, हृदयरोग्यांनी आणि दमेकऱ्यांनी सकाळी साडेआठ ते साडेदहा किंवा दुपारी चार ते साडेपाच या वेळेत फिरावे. नेमाची गोळी घेऊन, नाकातोंडावर पातळ रुमाल धरून, ओळखीच्या रस्त्याने आणि शक्यतो कोणाच्या तरी सोबतीने जावे. छातीत दाब, दम किंवा एका अंगाला बधिरपणा जाणवल्यास घरी परतून काढा घेत बसण्यापेक्षा १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

उशिराच्या या उन्हाचा आणखी एक लाभ आहे. ‘ड’ जीवनसत्त्व त्वचेत तयार होण्यासाठी सूर्य पुरेसा वर असावा लागतो. आपली सावली उंचीपेक्षा आखूड असेल तेव्हाचे ऊन या कामी उपयोगी, ही सोपी खूण आहे. डिसेंबरात पुण्याच्या अक्षांशावर मध्यान्हीचा सूर्य सुमारे ४८ अंशांवर असतो, म्हणजे तेथे दुपारी सावली उंचीपेक्षा थोडीशीच लहान होते. राज्याच्या उत्तर टोकाला ती जवळजवळ उंचीएवढीच राहते. कोवळे ऊन अंगाला सुखावते हे खरे, पण या कामासाठी दुपारच्या उन्हाची सर त्याला नाही. अंगणवाडीतील बालकांना दुपारी बाराच्या सुमारास थोडा वेळ अंगणात खेळवले, तर एकाच वेळी दोन गोष्टी साधतात.

पंचायतीने याबाबत काय करावे? पहाटे कचरा पेटवण्याची जी सवय गावोगावी आणि नगरपंचायतींच्या सफाई पथकांतही रुजली आहे, ती मोडावी. शेकोटीस विरोध नको. ती गावाची जुनी सभा आहे. पण टायर आणि प्लास्टिक तिच्यात जाऊ नये. आणि शेगडी किंवा निखारे बंद खोलीत ठेवून झोपणे म्हणजे मृत्यूला निमंत्रण, हे दवंडी देऊन सांगितले तरी अधिक होणार नाही. अर्धवट ज्वलनातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूला रंग नाही, वासही नाही.

शाळेची घंटा

पाच ते सतरा वर्षांच्या मुलांना रोज सरासरी साठ मिनिटे मध्यम ते जोमदार हालचाल हवी. हिवाळा हा त्यासाठी उत्तम ऋतू आहे. खो-खो, कबड्डी, आट्यापाट्या, विटीदांडू हे आपले सारे खेळ उघड्या मैदानावरचे आहेत आणि फारशा साहित्यावाचून खेळता येतात. प्रश्न पुन्हा वेळेचाच.

शालेय शिक्षण विभागाने फेब्रुवारी २०२४ मध्ये परिपत्रक काढून पूर्व प्राथमिक ते चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊ वा त्यानंतर भरवण्याची सूचना दिली. त्यामागे मुख्य विचार मुलांच्या झोपेचा होता. पण थंडीच्या दृष्टीनेही तो निर्णय स्वागतार्ह आहे. पाचवीपासूनची मुले मात्र अनेक ठिकाणी सकाळच्या सत्रात येतात. ग्रामीण भागात शनिवारची सकाळची शाळा सर्वत्र परिचित आहे आणि त्या दिवशी पहिल्याच तासाला सामुदायिक कवायत असते. म्हणजे आठवड्यातील सर्वांत थंड तासिका आणि मैदानावरील तासिका नेमकी एकत्र येते. कवायत रद्द करण्याचे काहीच कारण नाही. ती शेवटच्या तासाला न्यावी, पहिल्या तासाला वर्गात वाचन घ्यावे, एवढा बदल मुख्याध्यापकाला वरिष्ठांची परवानगी न मागताही करता येण्यासारखा आहे.

परिपाठ सावलीतल्या व्हरांड्यात घेण्याऐवजी उन्हात घ्यावा. गणवेशाच्या रंगाचा स्वेटर नाही म्हणून मुलाला तो काढून ठेवायला लावणे, ही शिस्त नव्हे. ज्या घरात एकच स्वेटर थोरल्याकडून धाकट्याकडे येतो, त्या घरात त्याचा रंग निवडण्याची सोय नसते. प्रजासत्ताकदिनाचा प्रसंगही लक्षात घेण्याजोगा आहे. राज्यातील मुख्य शासकीय ध्वजवंदन सकाळी सव्वानऊला होते आणि इतर कार्यालये व संस्थांनी आपला समारंभ साडेआठपूर्वी किंवा दहानंतर करावा, असा शिरस्ता आहे. बहुतेक शाळा साडेआठपूर्वीची वेळ निवडतात. त्यासाठी मुले साडेसहापासून रांगेत उभी असतात आणि कवायतीचे पथक तर अर्ध्या बाहीच्या पांढऱ्या सदऱ्यात. दहानंतरची वेळही तितकीच सन्मानाची आहे.

रात्रीचे पाणी

आता खऱ्या अर्थाने कठीण असलेल्या प्रश्नाकडे वळू. वर सांगितलेल्या साऱ्या सूचना शेतकऱ्याला ऐकवल्या, तर तो हसेल. कारण त्याला विचारून कोणी थंडी किंवा वेळ ठरवत नाही. नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात पेरलेल्या गव्हाला अठरा ते एकवीस दिवसांनी, मुकुटमुळे फुटण्याच्या अवस्थेत, पाणी मिळालेच पाहिजे. ते चुकले तर पुढे कितीही पाणी दिले तरी उत्पादनाची तूट भरून निघत नाही. ही अवस्था नोव्हेंबरच्या उत्तरार्धापासून डिसेंबरच्या सुरुवातीपर्यंत येते. कांदा, हरभरा यांच्याही पाळ्या त्याच सुमारास असतात. शेतीपंपांच्या वाहिनीला थ्री फेज वीज आळीपाळीने काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री देण्याची पद्धत राज्यात वर्षानुवर्षे चालत आली. त्या एकवीस दिवसांच्या आसपास रात्रीची पाळी आली, तर शेतकऱ्याला रात्री उठून शेतात जाण्यावाचून पर्याय राहत नाही.

दारे धरणे हे काम बाहेरून सोपे दिसते. हातात फावडे आणि बॅटरी, पायाखाली चिखल, आणि एका वाफ्याचे पाणी भरले की दुसऱ्याचे दार फोडायचे. पण यात माणूस मधूनमधून पाच मिनिटे कष्ट करतो आणि मग अर्धा तास ओल्या पायांनी उभा राहतो. स्नायूंची शेगडी पेटते आणि विझते. पाय मात्र सतत पाण्यात. हवेत दहा अंश असताना पाय गोठत नाहीत, तरीही तासन्‌तास ओले आणि थंड राहिलेले पाय बधिर होतात, सुजतात, टाचांच्या भेगांतून जंतुसंसर्ग होतो. मधुमेही शेतकऱ्याच्या बाबतीत हा धोका मोठा असतो. त्यात जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर या तालुक्यांत उसाच्या आडोशाने बिबट्यांचा वावर आहे, आणि घोणस हा विषारी साप थंडीच्या दिवसांतही बांधावर आढळतो.

याचे मूळ उत्तर दिवसा वीज हेच होय. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ मध्ये सुरू झाली आणि २०२३ मध्ये तिचा दुसरा टप्पा हाती घेण्यात आला. उपकेंद्राजवळ सौर प्रकल्प उभारून त्याची वीज थेट शेतीच्या वाहिन्यांना द्यावयाची, म्हणजे सूर्य असेल तेव्हाच पंप चालेल, अशी ही कल्पना आहे. या योजनेचे हिशेब मेगावॉटमध्ये आणि अनुदानाच्या रकमेत मांडले जातात. डिसेंबरच्या रात्री किती शेतकरी घरी झोपले, हेही तिचे एक माप मानले गेले पाहिजे. प्रकल्पासाठी उपकेंद्रानजीकची गायरान वा खाजगी जमीन मिळवून देण्यात ग्रामपंचायतीचा वाटा मोठा असतो, आणि तेथे झालेला एक वर्षाचा विलंब म्हणजे गावासाठी आणखी एक हिवाळा असतो.

जेथे ही वीज पोचलेली नाही, तेथे काही गोष्टी तात्काळ शक्य आहेत. गमबूट आणि कोरड्या मोज्यांचा दुसरा जोड जवळ ठेवावा. शेजारच्या दोन-तीन शेतकऱ्यांनी मिळून जावे आणि बांधावर आडोसा करून निखारे ठेवावेत. ठिबक आणि तुषार सिंचन असेल तर पाण्यात उभे राहण्याची गरजच उरत नाही. विजेच्या पाळीचे आठवड्याचे वेळापत्रक वितरण कंपनीच्या शाखा कार्यालयाकडून मागवून चावडीवर लावावे. आज रात्री वीज येणार की नाही याची वाट पाहत जागणारा माणूस प्रत्यक्ष पाणी देणाऱ्यापेक्षा कमी दमत नाही. निफाड परिसरातील द्राक्षबागायतदार कडाक्याच्या पहाटे घड वाचवण्यासाठी बागेत शेकोट्या पेटवतात आणि पाणी सोडतात. द्राक्षमण्याला तडा जाऊ नये म्हणून जी दक्षता घेतली जाते, ती बागेत राबणाऱ्या माणसाच्याही वाट्याला यावी, ही अपेक्षा फार मोठी नाही.

उसाच्या फडात

ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्चपर्यंतचा गळीत हंगाम म्हणजे नेमका हिवाळाच. बीड आणि लगतच्या जिल्ह्यांतून निघालेली कुटुंबे कारखान्याच्या परिसरात कोप्या टाकून राहतात. वाढे आणि पाचट यांच्या त्या कोपीत वारा चारी बाजूंनी शिरतो. दिवसा तोडणी आणि गाडी येईल तेव्हा भरणी. ती रात्री एकला आली तर रात्री एकला. तोडणीचे काम अंग तापवणारे असते, त्याची फारशी तक्रार नसते. त्रास होतो तो घामाने भिजलेल्या अंगाने गाडीची वाट पाहत उघड्यावर बसण्याचा, आणि त्याहून अधिक, फडाच्या कडेला पाचटावर झोपवलेल्या तान्ह्या मुलाचा. लहान मुलाचे शरीर आकाराच्या मानाने पृष्ठभागाने मोठे असते. त्याची उष्णता मोठ्या माणसापेक्षा लवकर निघून जाते आणि ते सांगू शकत नाही. हातपाय गार, हालचाल मंद, रडणे क्षीण, दूध ओढण्याची ताकद नाही, ही चिन्हे दिसली की त्याला तत्काळ उराशी धरून कोरड्या कापडात गुंडाळावे आणि आरोग्य केंद्रात न्यावे. मोठ्या माणसाचे बोलणे अडखळू लागले, हुडहुडी थांबूनही अंग थंडच राहिले, तर शरीराचे तापमान ३५ अंशांखाली गेल्याची शंका घ्यावी. ओले कपडे काढून त्याला पांघरुणात ठेवावे, शुद्धीवर असेल तर गोड गरम पेय द्यावे. हातपाय जोराने चोळू नयेत.

भरणीच्या गाड्यांचे वेळापत्रक कारखान्याच्या गट कार्यालयात ठरते. रस्त्यावरची गर्दी, वजनकाट्यावरची रांग, उसाचे वजन घटणे अशी अनेक कारणे त्यामागे असतात, हे मान्य केले तरी थंडीच्या लाटेच्या आठवड्यापुरती मध्यरात्र ते पहाटेची भरणी टाळणे अशक्य आहे असे म्हणता येत नाही. ज्या गावाच्या शिवारात टोळी उतरली आहे, त्या गावच्या पंचायतीला वाटते की ही माणसे आपली नव्हेत. ज्या गावाहून ती आली, ती पंचायत दूर असते. मधल्या पाच महिन्यांत ती कोणाचीच नसतात. अंगणवाडी सेविकेने कोप्यांवर जाऊन बालकांची नोंद घेणे, त्यांना दिवसा अंगणवाडीत बसवणे आणि ग्रामपंचायतीने टोळीला अंघोळीसाठी गरम पाण्याची व जळणाची सोय करणे यांस वेगळ्या शासननिर्णयाची वाट पाहण्याचे कारण नाही.

हिवाळ्यात गावानेही अंग मोडून काम करावे असे बरेच काही असते. ओढ्यावर सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांचे वनराई बंधारे घालण्याचा हाच काळ. पाणी वाहते असते आणि ऊन सोसवते. ते श्रमदान सकाळी नऊला सुरू करून एक वाजेपर्यंत आटोपावे. सहाला बोलावले तर सात वाजेपर्यंत लोक येतच नाहीत, हा अनुभव प्रत्येक ग्रामसेवकाला आहे.

या साऱ्या गोष्टींचा निर्णय केव्हा घ्यावयाचा, हा शेवटचा मुद्दा. २६ जानेवारीची ग्रामसभा त्यासाठी उशिराची होते, कारण तोवर गहू ओंबीवर आलेला असतो, निम्मा हंगाम उलटलेला असतो आणि थंडीही परतीच्या वाटेला लागलेली असते. नोव्हेंबरच्या मासिक सभेत मुख्याध्यापक, अंगणवाडी सेविका, वीज वितरण कंपनीचा शाखा अभियंता आणि कारखान्याचा गट अधिकारी यांना बोलावून शनिवारच्या कवायतीची वेळ, विजेच्या पाळीचा तक्ता, भरणीच्या गाड्यांची वेळ आणि कचरा जाळण्यास बंदी हे चार विषय कार्यवृत्तात नोंदवून घ्यावेत.